अंगावर लाल दिसत नाही म्हणून

लंडन

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

सूनबाईने पाठवलेले नातवाचे फोटो पाहिले. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीतले ते चट्टे मला इसबाचेच वाटतात. ‘पुस्तकात तर लाल लिहिलंय, याचं काहीच लाल नाही,’ असं ती म्हणते. तिचं काही चुकत नाही, पुस्तकंच गोऱ्या कातडीकडे बघून लिहिलीत. सावळ्या अंगावर इसब करडं, तपकिरी, कधी जांभळट दिसतं. कधी तर चट्टा असा नसतोच, केसांच्या मुळांशी बारीक पुटकुळ्या उठतात. म्हणून आधी हात फिरवून बघायचं. तिथली कातडी आजूबाजूपेक्षा गरम, जाड, खरखरीत लागते का? झोपेत खाजवतो का? डॉक्टरांना हेच सांगा, रंगावर अडून बसू नका.

इसब किती जोराचं आहे हे मोजायच्या पद्धतींत लालीलाही गुण असतात. इथल्या त्वचातज्ज्ञांचा २००२ साली छापून आलेला एक अभ्यास आहे. नुसत्या लालीवर भिस्त ठेवली तर काळ्या मुलांचं तीव्र इसब झाकलं जातं, असं त्यात दिसलं. म्हणजे पोर रात्रभर खाजवतंय आणि कागदावर बरं आहे! मग २०२० साली सेंट जॉर्जेस विद्यापीठातल्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने शिक्षकांना बरोबर घेऊन ‘माइंड द गॅप’ नावाची पुस्तिका काढली. आजाराच्या खुणा काळ्या-सावळ्या अंगावर कशा दिसतात, ते त्यात आहे. हे काम एका विद्यार्थ्याला करावं लागलं, याचं मला अजून नवल वाटतं. निव्वळ मुलांचे फोटो हवे असतील तर सूनबाईला ‘स्किन डीप’ हा इंटरनेटवरचा फोटोसंग्रह बघायला सांग, फुकट आहे.

इसब ओसरल्यावर काळे किंवा फिकट डाग मागे राहतील. आपल्यासारख्या कातडीत ते हमखास राहतात आणि जायला कित्येक महिने घेतात. घासून किंवा उजळपणाची मलमं लावून ते जात नाहीत. आणि डाग फिकट पडला म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मलम परस्पर बंद करू नका. बहुतेक वेळा तो फिकटपणा दाहामुळेच येतो. गालावर पुसट कडांचे, किंचित कोंडा असलेले फिके चट्टे आले तर कोड म्हणून घाबरू नका. कोड दुधासारखं पांढरं असतं आणि त्याची कड स्पष्ट असते. तरी खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्या.

आता खरं महत्त्वाचं. ताप असताना अंगावर बारीक ठिपके उठले तर काचेचा पारदर्शक पेला त्यावर दाबून धरा. दाबल्यावरही ठिपके फिके पडत नसतील तर तडक रुग्णालय गाठा, मेंदूज्वराचे किंवा रक्तात जंतू पसरल्याचे ते लक्षण असू शकतं. सावळ्या अंगावर हे ठिपके पटकन नजरेत येत नाहीत. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू, तोंडात वर टाळूला, अशा फिकट जागा बघा. पण ठिपक्यांची वाट बघत बसायचं नाही, ते उशिरा येतात किंवा येतच नाहीत. मूल सुस्त पडलं, उठवूनही नीट जागं होत नाही, हातपाय गार, श्वास भराभर, एवढ्यावर निघा. ओठ, जीभ, हिरड्या निळसर किंवा करड्या दिसल्या तरी तेच. तान्ह्याची कावीळसुद्धा अंगावर कळत नाही, डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या उजेडात बघाव्या लागतात.

आणखी एक. बाळाच्या कंबरेवर जन्मापासून तो निळा-करडा डाग आहे ना? तो निरुपद्रवी आहे, बहुधा काही वर्षांत पुसट होईल. पण इकडे यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांकडून त्याची लेखी नोंद करून घ्या. अनोळखी डॉक्टरला तो मुका मार वाटू शकतो, आणि इथे अशी शंका आली की चौकशी लागते. आम्ही इथल्या बाळांच्या ‘रेड बुक’मध्ये, म्हणजे तब्येतीच्या नोंदवहीत, असे डाग पहिल्या तपासणीतच लिहून ठेवतो.

फोटो पुन्हा पाठवायला सांग. दिवसा खिडकीपाशी काढलेले हवेत, फ्लॅश आणि फिल्टर नको. एक लांबून, एक जवळून, आणि एक दुसऱ्या बाजूच्या चांगल्या कातडीचा, म्हणजे बाळाचा मूळ रंग मला कळेल. पण माझ्या उत्तरासाठी थांबू नका, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवाच.

तुझी,
धाकटी