हेडसेटआड मुलांचे डोळे दिसत नाहीत

महोदय,

आभासी वास्तव आणि शिक्षण या विषयावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. सोबतच्या छायाचित्रात मुले डोळे झाकून संगणकी दृश्य दाखवणारे हेडसेट चढवून, तोंडाचा आ वासून हवेत हात फिरवताना दिसतात. माझी नजर मात्र मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शिक्षिकेवर खिळली. तिला करण्यासारखे काही उरलेले दिसत नव्हते.

मी ३० वर्षे भूगोल शिकवला. ‘समजले का?’ असे विचारले की अख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, आणि त्या ‘हो’वर कुठलाच शिक्षक विश्वास ठेवत नाही. खरे उत्तर डोळ्यांत असते. कुणी फळ्याकडे नुसतेच पाहत असतो, कुणाची नजर हळूच शेजारच्या वहीकडे सरकते. ते दिसले की आपण तोच मुद्दा वेगळ्या वाटेने सांगतो. हेडसेटमुळे नेमके हेच दिसेनासे होते.

म्हणून हे तंत्रज्ञान निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. जिथे चूक महागात पडते आणि हाताला वळण लागेपर्यंत तीच कृती करत राहावी लागते, तिथे त्याला तोड नाही. वैमानिकांच्या सरावासाठी एडविन लिंक यांनी १९२९ मध्येच जमिनीवरचे नकली विमान बनवले होते. येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांवर झालेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही बोलका आहे. आभासी सराव केलेल्यांनी शस्त्रक्रियेत पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले, आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. असा सराव रुग्णावर होण्यापेक्षा यंत्रावर झालेला केव्हाही बरा.

पण पेशी म्हणजे काय किंवा वारे का वाहतात, हे समजणे वेगळे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना एकच आभासी प्रयोगशाळा दोन प्रकारे दाखवली गेली, हेडसेटमधून आणि साध्या संगणकावर. आपण खरोखर तिथे आहोत, हा भास हेडसेटमध्ये जास्त झाला. शिकणे मात्र कमी झाले. मला याचे नवल वाटले नाही. सहलीला गेलेली मुले धबधब्यासमोर खडकाचे थर मोजत बसत नाहीत, भिजतात. (भिजावेच. पण त्याला भूगोलाचा तास म्हणू नये.)

गुगलने २०१५ च्या सुमारास शाळांसाठी आणलेल्या ‘एक्स्पिडिशन्स’ या आभासी सहलींच्या ॲपमध्ये एक गोष्ट फार शहाणपणाची होती. शिक्षकाच्या टॅब्लेटवर लहान हसरे चेहरे दिसत आणि कोणते मूल दृश्यात कुठे पाहते आहे ते त्यावरून कळे. मुलांची नजर शिक्षकाला लागते, हे ते बनवणाऱ्यांना ठाऊक होते तर! २०२१ मध्ये कंपनीने ते ॲपच बंद केले. ज्यांनी त्यावर आपले पाठ बसवले होते, त्यांची मेहनत पाण्यात गेली. पुस्तक छापणारा बंद पडला तरी कपाटातले पुस्तक राहते. इथे तसे नसते.

आणखी एक विचित्र गोष्ट. शिक्षकाला न दिसणारे मूल यंत्राला मात्र चांगलेच दिसते. ५०,००० हून अधिक लोकांच्या नोंदींवर केलेल्या, २०२३ मधील एका संशोधनात, डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींच्या अवघ्या १०० सेकंदांच्या नोंदीवरून माणूस ओळखण्यात ९४ टक्के यश आले. मुलांच्या या नोंदी कुणाकडे जातात, हे खरेदीच्या वेळी कोण विचारतो?

माझ्या मते वर्गाचे भवितव्य आहे ते डोळे उघडे ठेवणाऱ्या वर्धित वास्तवात, म्हणजे खऱ्या वस्तूंवरच संगणकी चित्रे उमटवणाऱ्या तंत्रात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत तयार झालेली वाळूची पेटी मी पाहिली आहे. पेटीत साधी वाळू, वर खोली मोजणारा कॅमेरा आणि प्रोजेक्टर. वाळूचा ढीग केला की त्यावर रंग आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) उमटतात, ढीग ढकलला की रेषाही सरकतात. वर तळहात पसरून धरला की निळा पाऊस पडतो आणि पाणी उताराने दरीत गोळा होते. लागणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते.

दरीत समोच्च रेषांचे टोक चढाच्या दिशेला वळते. हे फळ्यावर शिकवताना मी दरवर्षी हरत आलो. मुले दरी आणि डोंगराची सोंड यांची अदलाबदल हमखास करत. पेटीभोवती मुले वाळू उकरताना भांडत होती. एका मुलीने डोंगराला बोटाने चर पाडला, पाऊस पाडला आणि ओरडली, ‘सर, पाणी खाली चाललंय आणि रेषांची टोकं वर!’ शेजारच्याला ते पटेना. मग त्याने स्वतः दुसरा चर पाडून पाहिला. मी एक शब्दही बोललो नाही, पण दोघांचे चेहरे मला दिसत होते.

पुढच्या वेळी असे छायाचित्र छापाल, तेव्हा एक विनंती. हेडसेट उतरवल्यावर मुलांनी एकमेकांना काय विचारले, तेही आपल्या वार्ताहराला टिपून आणायला सांगावे.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक