तोंडाचा पट्टा? अहो, स्कली गप्प बसायचे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला विन स्कलींवरचा लेख वाचला आणि काल दिवसभर जाऊ दे म्हणून सोडून दिला होता, बायकोही म्हणाली कशाला उगाच, पण रात्री काही केल्या झोप लागेना म्हणून शेवटी लिहायला बसलोय. आधी अभिनंदन करतो, मराठी पेपरात बेसबॉलच्या समालोचकाला अर्धं पान म्हणजे चेष्टा नाही. पण त्याला हेडिंग काय, तर '६७ वर्षं अखंड तोंडाचा पट्टा'! लेखकमहाशयांनी त्यांना एकदा तरी ऐकलंय का हो? यूट्यूबवर ढिगानं पडलंय, पैसे पडत नाहीत.

१९५० साली ब्रुकलिनमध्ये डॉजर्स टीमचे तेव्हाचे नावाजलेले समालोचक रेड बार्बर यांच्या हाताखाली लागलेला २२ वर्षांचा पोरगा २०१६ ला थांबला, १९५८ ला ही टीम लॉस एंजेलिसला गेली तेव्हा तोही गेला, हे सगळं लेखात बरोबर आहे, मान्य. पण त्या माणसाची सगळी कमाई गप्प बसण्यात होती! ८ एप्रिल १९७४, अटलांटा, हँक एरन या खेळाडूचा ७१५ वा होमरन, म्हणजे आपला सिक्सरच समजा, जुन्या काळचा दैवत असलेल्या बेब रूथचा विक्रम मोडला. चेंडू गेला एवढं सांगून स्कली माईकपासून उठले आणि मागे जाऊन उभे राहिले, नुसती गर्दी ऐकू येतेय. मग सावकाश परत आले आणि म्हणाले की अमेरिकेच्या दक्षिणेत एका काळ्या माणसासाठी लोक उभं राहून टाळ्या वाजवतायत. आपल्याकडे झेल सुटला तरी तिघंजण एकदम बोंबलतात. स्कली लहानपणी घरातल्या उंच पायांच्या रेडिओखाली उशी घेऊन आडवे पडायचे म्हणे, वरून गर्दीचा आवाज अंगावर पडावा म्हणून. तो आवाज ऐकायचं वेड होतं त्यांना, त्यावर ते स्वतः कशाला बोलतील?

आता मुख्य मुद्दा. लेखाच्या शेवटी लिहिलंय की 'अखेरच्या दिवसापर्यंत त्यांचा आवाज शहराच्या घराघरात घुमत होता'. साफ चूक! मी २०१६ च्या उन्हाळ्यात मुलीकडे तिथेच होतो, लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला. डॉजर्सने टीव्हीचे हक्क आठ अब्ज डॉलरच्या वर विकलेले, २०१४ पासून मॅचेस नव्या चॅनलवर, आणि ते चॅनल घ्यायला बाकीच्या केबल-डिशच्या कंपन्या तयार नाहीत, दराचं भांडण. म्हणजे म्हाताऱ्याचा शेवटचा सीझन आणि अर्ध्याहून जास्त शहराला तो टीव्हीवर दिसतच नाही. मुलीच्या घरी नव्हतं, शेजारी नव्हतं.

शेजारचे आजोबा मूळचे मेक्सिकोचे, ऐंशीच्या घरातले. संध्याकाळी सातला गॅरेजचं शटर वर, घडीची खुर्ची बाहेर आणि वर्कबेंचवर एक जुना रेडिओ, एरियलला तार गुंडाळलेली. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी माझा चहा घेऊन तिथे जायचो, कारण स्कलींचा आवाज. दुपारी बाजूच्या काकांशी गप्पा माराव्यात तसा. बरोबर एक्स्पर्ट वगैरे कोणी नाही, एकटेच, त्यामुळे बोलायचे ते थेट आपल्याशीच. पण रेडिओवर स्कली नऊपैकी फक्त पहिल्या तीन इनिंग असायचे, पुढे टीव्हीवरच. तिसरी इनिंग संपली की आजोबा उठून बटण फिरवायचे, खट्ट. मॅच रंगात आलेली असली तरी बंद! मग आतून स्वयंपाकघरातला आजीचा रेडिओ ऐकू यायचा, त्यावर डॉजर्सचे स्पॅनिश समालोचक हायमे हारीन, तेही १९५९ पासूनचे, आणि आजोबा खुर्ची न हलवता भिंतीतून स्कोअर ऐकायचे. असं कितीतरी संध्याकाळी. घराघरात घुमत होता म्हणे. शेवटच्या सहा मॅचेस मेहेरबानी करून साध्या चॅनलवर दाखवल्या, तोवर आम्ही परत आलो होतो.

आणि स्कलींना 'बेसबॉलचे हर्षा भोगले' म्हणायची काय गरज होती? भोगल्यांबद्दल आकस नाही, उलट आवडतात. पण मराठी वाचकाला समजावायचंच होतं तर बाळ ज. पंडित नाही आठवले? कानाला ट्रान्झिस्टर लावून त्यांची कॉमेंट्री ऐकलेले आम्ही अजून जिवंत आहोत. लॉस एंजेलिसमध्येही १९५८ ला तेच झालं, डॉजर्स खेळायचे ते कोलिझियम स्टेडियम मुळात अमेरिकन फुटबॉलचं, खेळाडू मुंगीएवढे दिसायचे, म्हणून लोक मैदानात ट्रान्झिस्टर घेऊन बसायचे. एकदा स्कलींनी रेडिओवर सांगितलं की अंपायर फ्रँक सेकरींचा आज वाढदिवस, मी तीन म्हणालो की सगळ्यांनी ओरडा. तर अख्खं स्टेडियम हॅपी बर्थडे फ्रँक म्हणून ओरडलं! मैदानात लाउडस्पीकरवर काही नाही, नुसते ट्रान्झिस्टर. हा किस्सा तुमच्या अर्ध्या पानात मावला नाही, तिथे त्यांच्या कोटाचा रंग मावला.

बसला असता म्हणा, खाली टू बीएचकेची जाहिरात नसती तर. त्याच जाहिरातीमुळे शब्दकोड्यातले आडवे शब्द १७ नंतर गायब आहेत, महिन्याभरातला हा असा तिसरा रविवार. फोन केला तर तुमच्या ऑफिसातून सांगितलं, ऑनलाइन बघा. ऑनलाइन पेन्सिलने कसं सोडवायचं तेवढं कळवा.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)