रेंजफाइंडरचा आकडा पहिल्या गोळ्यापुरता

मा. संपादक,

आपल्या पुरवणीत पहिल्या महायुद्धातील तोफखान्यावर जो लेख आला, त्यात ‘रेंजफाइंडरने अंतर मोजायचे, आकडा तोफेवर लावायचा आणि गोळा थेट लक्ष्यावर’ अशा अर्थाचे विधान आहे. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून हे पत्र. मैदानी तोफखान्यात या यंत्राचा आकडा पहिल्या गोळ्यापुरता असे. पुढचा पल्ला गोळे कुठे पडतात ते पाहून ठरे, आणि त्याचे कारण यंत्राच्या भूमितीतच आहे.

बोअर युद्धाच्या वेळी (१८९९-१९०२) ब्रिटिश तोफखान्याकडे वॉटकिन या ब्रिटिश अधिकाऱ्याचा मेकोमीटर हा अंतरमापक होता. सेक्स्टंटच्या (आरशांनी कोन मोजणाऱ्या यंत्राच्या) जातीची दोन उपकरणे, दोन माणसे आणि मध्ये ५० यार्डांची दोरी. एका उपकरणात काटकोन पक्का बसवलेला. लक्ष्य आणि जोडीदार त्यात एका रेषेत दिसतील अशी जागा आधी साधायची. मग दुसऱ्याने दोरी ताणून धरून आपल्या उपकरणाचे ड्रम फिरवायचे. जोडीदाराची खूण लक्ष्यावर बसली की अंतर ड्रमवर वाचता येई. लक्ष्य ३००० यार्डांवर असेल तर ते दोरीच्या ६० पट दूर. दोरी सैल पडून पाया, म्हणजे दोन उपकरणांमधले अंतर, एक यार्ड कमी झाला, की उत्तर ६० यार्डांनी चुकले. दोघांनी दोन वेगळी झाडे धरली तर आकडा निव्वळ निरुपयोगी. शिवाय रायफलच्या माऱ्यात दोन माणसांनी ५० यार्डांवर उभे राहायचे, हे वेगळेच.

बार आणि स्ट्राउड या लीड्सच्या दोन प्राध्यापकांनी हा सगळा पाया एका नळीत आणला. १८८८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने अंतरमापकाच्या रचना मागवल्या. ऑल्डरशॉट या लष्करी तळावरच्या चाचण्यांत मेकोमीटर पुढे गेला आणि बार-स्ट्राउड यांचे यंत्र आधी आरमाराने घेतले. पायदळ-तोफखान्यात ही नळी नंतर रुजली. नळीच्या दोन्ही टोकांना पंचकोनी लोलक असतात. डाव्या टोकाचे दृश्य आणि उजव्या टोकाचे दृश्य मधल्या लोलकांवरून एकाच नेत्रभिंगात येते, एक वरच्या अर्ध्यात, दुसरे खालच्या अर्ध्यात. झाडाचे खोड मध्येच तुटल्यासारखे दिसते. चाक फिरवले की आत पाचरीच्या आकाराची एक पातळ काच नळीच्या लांबीने सरकते आणि खोडाचे दोन तुकडे जुळतात. त्या काचेबरोबर सरकणाऱ्या पट्टीवर अंतर वाचायचे.

आता हिशेब पाहा. १ मीटर पायाला १००० मीटरवर जो कोन मिळतो तो २०६ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), ४००० मीटरवर सुमारे ५२ विकलांचा. ४००० आणि ४१०० मीटर यांतला फरक जेमतेम सव्वा विकला! तुटलेली रेघ जुळली की नाही हे सरावलेला डोळा सुमारे १२ विकलांपर्यंत ओळखतो. १० पट मोठे करणारे भिंग असले तर सव्वा विकलेपर्यंत. म्हणजे ४ किलोमीटरवर शंभरेक मीटरची शंका राहतेच, तीही यंत्र बिनचूक असताना. हीच शंका २ किलोमीटरवर २५ मीटरच्या आत असते, कारण चूक अंतराच्या वर्गाने वाढते.

यंत्र मात्र क्वचितच बिनचूक राही. एक विकला म्हणजे मीटरभर लांबीत ५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाच हजारांश. एका बाजूने ऊन लागले की बाहेरची नळी त्याहून जास्त वाकते. म्हणून भिंगे आणि मधले लोलक आतल्या वेगळ्या चौकटीवर बसवत, आणि टोकांना पंचकोनी लोलकच लागत, कारण ते किंचित हलले तरी किरण काटकोनातच वळतो.

काम सुरू करण्यापूर्वी दोन तपासण्या ठरलेल्या. एक, वरचे आणि खालचे अर्धे वेगळे करणाऱ्या दुभाजक रेषेवर दृश्य दुहेरी दिसता कामा नये आणि कापलेही जाता कामा नये. हे बिघडलेले असेल तर तिरक्या कडेवर खोटी जुळणी होते. दुसरी, पायाच्या नेमक्या लांबीवर दोन खुणा असलेली पट्टी समोर नळीला समांतर धरायची, आकडा अनंतावर ठेवायचा आणि दोन खुणा जुळतात का पाहायचे. वाचन घेताना लक्ष्याजवळची उभी, ठळक कड निवडायची: घराचा कोपरा, धुराडे, खांब. जुळणी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणून सरासरी घ्यायची. झुडपांवर आणि भर दुपारच्या थरथरत्या हवेत हाती काही लागत नाही.

शिवाय हे अंतर निरीक्षकापासूनचे. तोफा टेकडीमागे ४०० मीटर असतील तर तेवढे मिळवायचे. बाजूला असतील तर आकृती काढायची. त्यानंतर पहिला गोळा. तो अलीकडे पडला तर पल्ला वाढवायचा, पलीकडे पडला तर कमी करायचा. लक्ष्य दोन्हींच्या मध्ये सापडले की फरक निम्मा-निम्मा करत जायचे. नुसत्या नजरेच्या अंदाजावर ही कात्री, म्हणजे अलीकडच्या आणि पलीकडच्या गोळ्यांमधले अंतर, ८०० मीटरची धरावी लागे, रेंजफाइंडर असला तर २०० ची. यात दोनतीन गोळे वाचत. शत्रू आडोशाला जाण्याआधीचे ते दोनतीन गोळे फार मोलाचे असत. अठरा पौंडी तोफेच्या श्रॅपनेल गोळ्याला तर ते अधिकच, कारण पावणेचारशेच्या आसपास गोळ्या भरलेले ते नळकांडे लक्ष्याच्या अलीकडे, हवेतच फुटावे लागे, आणि तो फोडणाऱ्या फ्यूजची वेळ पल्ल्यावरूनच लावत.

खंदकांच्या युद्धात तोफांची जागा मोजणीदारांनी नकाशावर पक्की केली आणि मैदानी बॅटरीत (तोफांच्या तुकडीत) या नळीचे काम आटले. ती गेली विमानविरोधी तोफांकडे. तिथे लक्ष्य एका जागी थांबतच नाही, त्यामुळे कात्री घालायला वेळ नसतो. मोजलेले अंतर उंचावण्याच्या कोनाच्या साइनने गुणून विमानाची उंची काढावी लागे, आणि तेही विमान पुढे जात असताना.

आपला,
एक वाचक, नाशिक