आंटी, तुमच्यामुळे लेकीला नाव मिळालं

ती. आंटींना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहिते आहे. माझ्या लेकीला तिचं हवाईयन नाव कुणामुळे मिळालं, हे माझ्या माहेरच्यांना कळायला हवं. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत घेऊन मी स्वतः येईनच.

सासूबाईंचं घराणं कावाई बेटावरच्या हनालेईचं. त्यांना ठाऊक असलेली वंशावळ आजोबांपाशी थांबायची. आडनाव धरून मागे जावं तर कागद संपायचे, सख्ख्या चुलत्यांच्या मुलांची आडनावंही जुळायची नाहीत. होनोलुलूला इओलानी राजवाड्याच्या आवारातल्या अभिलेखागारात तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि ही गाठ सोडवलीत. पूर्वी हवाईयन माणसाला एकच नाव असे, त्याचं स्वतःचं. १८६० साली चौथ्या कामेहामेहा राजाच्या कारकिर्दीत कायदा झाला: बायकोने नवऱ्याचं नाव लावायचं, पुढे जन्मणाऱ्या मुलांनी बापाचं नाव आडनाव म्हणून घ्यायचं, वर एक ख्रिस्ती नावही ठेवायचं. आज आमच्या दारावर आहे ते आडनाव म्हणजे कुणा एकाचं पाळण्यातलं नाव! भावाभावांच्या घरांत वेगवेगळी आडनावं का, तेही तेव्हाच उलगडलं.

मग तुम्ही आम्हाला जमिनीच्या मागे लावलंत. १८४८ च्या सुमारास राज्यातल्या जमिनीची वाटणी झाली, तेव्हा कसणाऱ्यांनाही आपला हक्क आयोगापुढे मांडावा लागला, त्यासाठी शेजाऱ्यांच्या साक्षी झाल्या. त्या हवाईयन भाषेतल्या साक्षी तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवल्यात. अळूची खाचरं किती, घराची जागा कुठली, डोंगराच्या अंगाला कोण, समुद्राच्या अंगाला कोण. आपल्याकडच्या खरेदीखतातली चतुःसीमाच ती! आणि पुढे, ही जमीन आईवडिलांकडून आली, असं सांगून त्यांची नावं. सासूबाई त्या पानावरून हात फिरवत कितीतरी वेळ बसून राहिल्या. मला तो दिवस जन्मभर पुरेल.

जुन्या हवाईयन वर्तमानपत्रांत माणूस गेल्यावर नातेवाईक कानिकाऊ, म्हणजे शोकगीत, छापायला देत. आमच्या घरातल्या एका विधवेचं असं गीत तुम्ही शोधून काढलंत. नवऱ्याबरोबर जिथे जिथे ती हिंडली त्या जागा त्यात आहेत, हनालेईचा तो कोसळणारा ‘लोकू’ पाऊस आहे, आणि नवऱ्याच्या आजीचं नाव आहे. तेच नाव आम्हाला लेकीसाठी हवंसं वाटलं.

दुसऱ्या कुणी ते तिथल्या तिथे उतरवून दिलं असतं. तुम्ही थांबवलंत. त्या काळच्या छपाईत ओकिनाची, म्हणजे घशात क्षणभर अडवायच्या आवाजाची, आणि दीर्घ स्वराची खूण सहसा नसे, त्यामुळे तीच अक्षरं दोन-तीन तऱ्हांनी वाचता येतात आणि दर वेळी नाव वेगळं होतं. अंदाजाने उच्चार सांगायला तुम्ही साफ नकार दिलात. शिवाय पूर्वजांचं नाव घराण्याच्या मालकीचं असतं, ते विचारल्याशिवाय उचलायचं नसतं, हेही शांतपणे समजावलंत. सासूबाईंच्या थोरल्या मावशींकडे आम्हाला पाठवण्याआधी तुम्ही स्वतः त्यांना फोन केलात. मावशींनी ते नाव लहानपणी मोठ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांनी आधी आम्हाला का हवं ते विचारलं, मुलीला मांडीवर घेतलं, मग नाव उच्चारून दाखवलं आणि दिलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते घरात हाक मारायला आहे, असं मावशी म्हणाल्या, आणि मला ते पटतं.

तुमचं-आमचं रक्ताचं नातं नाही. पैशाचा विषय तुम्ही काढूच दिला नाहीत. सुनेला, तीही परदेशातून आलेली, सासरच्या घराण्यात इतक्या मायेने कोण हात धरून नेतं? आंटी, मी तुमची मनापासून ऋणी आहे. सासूबाईंचे आभार वेगळे आहेत, ते त्या त्यांच्या भाषेत सांगतील.

आता पणजीची बाजू उरली आहे. तिला आजी-आजोबांनी हानाई म्हणून, म्हणजे घरच्या रीतीने आपलंच मूल मानून, वाढवलं होतं, त्यामुळे जनगणनेत ती त्यांची मुलगी म्हणून दिसते. उन्हाळ्यात आम्ही सगळे हनालेईला जातो आहोत. तुमचं तिकीट आम्ही काढू, नाही म्हणू नका. मावशींनी तुमच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली आहे.

तुमची,
हनालेईची मराठी सून