बासष्टची पावती आणि युक्रेन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियाने युक्रेनवर चाल केली त्याला २४ फेब्रुवारी २०२५ ला तीन वर्षे झाली. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनने मांडलेला ठराव मताला आला. बाजूने ९३, विरोधात १८, तटस्थ ६५. मार्च २०२२ मध्ये आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला १४१ देशांनी हात दिला होता. या वेळी अमेरिकाही रशियाबरोबर विरोधात गेली. भारत तेव्हाही तटस्थ होता, आताही तटस्थच राहिला. वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो आहे.

१९६२ साली मी अकरा वर्षांचा होतो. चीनने हल्ला केला आणि संरक्षण निधीसाठी गावोगावी हाक दिली गेली. आईने हातातल्या पाटल्या काढायला घेतल्या. एक निघेचना. साबण लावून ओढली तेव्हा मनगट सोलवटले, पण तिने हूं की चूं केले नाही. त्या पाटल्यांची पावती वडिलांनी देवघरातल्या डब्यात ठेवली होती. आता ती माझ्याकडे आहे, शाई पुसट झाली तरी वजनाचा आकडा वाचता येतो. आमचे यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे जो तो म्हणू लागला.

घरचे सगळे धावले. बाहेरचे? ज्या अलिप्त देशांना आपण भाऊबंद मानत होतो, त्यातल्या बहुतेकांनी चीनला आक्रमक म्हणायचे टाळले. डिसेंबरात सहा देश कोलंबोला जमले, त्यांनी तोडगा सुचवला, पण हल्ला कोणी केला ते बोलले नाहीत. घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा तर ब्रिटन भारताला शस्त्रे देते म्हणून नाराज झाले होते. वडील संध्याकाळी पेपर वाचून दाखवायचे, तेव्हा आई एवढेच विचारायची, ‘यांच्या घरात कोणी घुसलं तर?’

मला ठाऊक आहे, लगेच १९७१ ची आठवण दिली जाईल. ती द्यायलाच हवी. बांगलादेशच्या युद्धात सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने आपल्यासाठी तीनदा नकाराधिकार वापरला, त्याआधी गोव्याच्या वेळीही वापरला. ते ऋण विसरणारा मी नाही. पण सोव्हिएत संघ म्हणजे एकटा रशिया नव्हता, युक्रेनही त्यात होते. मग उपकाराची परतफेड फक्त मॉस्कोच्या खात्यावर का जमा करायची?

आणि या युक्रेनने काय केले होते? १९९४ मध्ये बुडापेस्टला सही करून आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे सोडून दिली. बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या सीमांचा मान राखण्याचे वचन दिले. वीस वर्षे पुरी व्हायच्या आत, २०१४ मध्ये, रशियाने क्रिमिया घेतला. वचनावर विसंबणाऱ्याची अशी गत होत असेल, तर उद्या कुठला देश शस्त्र खाली ठेवील?

पंतप्रधान ऑगस्ट २०२४ मध्ये कीव्हला गेले, औषधोपचाराचे साहित्य दिले, त्याचा आनंद आहे. आम्ही तटस्थ नाही, शांततेच्या बाजूने आहोत, असेही त्यांनी तिथे सांगितले. मग आमसभेत मात्र तटस्थ का? खारकीव्हमध्ये आपला कर्नाटकातला एक वैद्यकीय विद्यार्थी खाण्याचे सामान आणायला बाहेर पडला आणि रशियन माऱ्यात गेला. आपली हजारो मुले थंडीत चालत पोलंड, रुमानियाच्या सीमेवर पोहोचली. हे युद्ध आपल्यापासून लांब कधीच नव्हते.

रशियाशी व्यापार तोडा किंवा युक्रेनला तोफा पाठवा, असे मी म्हणत नाही. तेल कुठून घ्यायचे ते सरकार ठरवील. चीन आजही लडाखमध्ये आपल्यासमोर उभा आहे, रशियाला त्याच्या कुशीत ढकलू नये, हा विचारही मला पटतो. पण आमसभेतल्या मताला ना पैसा लागतो ना सैन्य. सदस्यासमोर तीन बटणे असतात : हिरवे, लाल, पिवळे. पुढचा ठराव येईल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने हिरवे दाबावे, एवढीच परराष्ट्र मंत्रालयाला विनंती आहे. आपल्या खासदारांनीही हा प्रश्न संसदेत विचारावा.

– एक ज्येष्ठ वाचक, कराड