मल्टीतलं वायफाय: चॅनेल १, ६ नाहीतर ११ च ठेवा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

इंदूरात वाडे पडले, मल्ट्या म्हणजे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि फ्लॅट तिथे राउटर झाला. रात्री आठनंतर नेट रडतं ही तक्रार लोकमान्य नगरपासून विजय नगरपर्यंत कुठेही ऐका, आणि नेटवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं, मोठा प्लॅन घ्या. आमच्या मल्टीत बऱ्याच जणांनी घेतला, १०० एमबीपीएसचा २०० केला, फरक काडीचा नाही. कारण अडचण केबलमध्ये नाहीच, ती राउटरपासून मोबाइलपर्यंतच्या हवेत आहे, आणि हे कोणी समजावून सांगत नाही म्हणून हे पत्र.

चॅनेल म्हणजे राउटर ज्यावर बोलतो तो रेडिओ लहरींचा पट्टा, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले की दोघांचाही डेटा खराब. त्यात पाठवणाऱ्याला टक्कर झालेली कळतही नाही, कारण त्याचा स्वतःचाच सिग्नल इतका जोरात असतो की त्यात दुसऱ्याचा ऐकूच येत नाही. जुन्या इथरनेट केबलवर टक्कर तिथल्या तिथे कळायची, हवेत ती सोय नाही. म्हणून १९९७ मध्ये वायफायचं ८०२.११ स्टँडर्ड आलं त्यात टक्कर होऊच नये अशी पद्धत घातली. आधी ऐकायचं, चॅनेल मोकळं दिसलं तरी लगेच तुटून पडायचं नाही, ० ते १५ मधला कुठलाही एक आकडा घ्यायचा आणि तेवढे ठोके मोजून मगच पाठवायचं, एक ठोका म्हणजे आजच्या राउटरमध्ये साधारण ९ मायक्रोसेकंद. मधेच दुसरा बोलला तर मोजणी थांबते आणि तो गप्प झाला की तिथूनच पुढे. समोरून पोच आली नाही तर धडकलं असं समजून आकड्याची हद्द वाढवायची, १५ ची ३१, मग ६३, असं करत १०२३ पर्यंत. म्हणजे जेवढी गर्दी तेवढं थांबणं, आणि आपला २०० चा प्लॅन त्या थांबण्यातच जातो.

ही शिस्त किती कामाची आहे बघा, १९७१ मध्ये हवाई बेटांवर अलोहानेट हे रेडिओवरचं कॉम्प्युटर नेटवर्क सुरू झालं तेव्हा न ऐकताच पाठवायचे, त्या पद्धतीत हिशेबाने चॅनेलचा जेमतेम १८ टक्के वेळ कामी येतो.

आता खरी गोष्ट. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल दिसतात पण ते ५-५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि सिग्नल २० मेगाहर्ट्झ रुंद, त्यामुळे एकमेकांना न शिवणारे म्हणून सर्रास वापरतात ते तीनच, १, ६ आणि ११. राउटर बसवायला येणारा मुलगा मोबाइलवर बघतो, ३ किंवा ४ रिकामा दिसला की तो लावून देतो आणि आपण खुश. पण शेजारी १ वर असेल आणि आपणही १ वर असू तर दोन्ही राउटर एकमेकांना ऐकतात आणि थांबतात. ३ वर गेलो की शेजाऱ्याला आपलं बोलणं समजतच नाही, बाजूच्या हॉलमधल्या डीजेसारखा नुसता गोंगाट. आणि नियम असा की समजणारा वायफाय सिग्नल उणे ८२ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) इतका बारीक असला तरी राउटर थांबतो, पण न समजणारा गोंगाट उणे ६२ चा, म्हणजे शंभर पट जोरात असेल तरच थांबतो. तोपर्यंत दोघंही एकमेकांवर बोलत राहतात. ३-४ वाला स्वतःचं तर बिघडवतोच, १ वाल्याचं आणि ६ वाल्याचंही बिघडवतो.

तेच बूस्टरचं. साधा बूस्टर ऐकलेली प्रत्येक गोष्ट त्याच चॅनेलवर परत बोलतो, म्हणजे एकाच डेटासाठी हवा दोनदा अडते. एका घरात बूस्टर लागला की खालच्याला वाटतं आपल्यालाही हवा, आणि मग सगळ्यांचंच आणखी मंद. माझं तर स्पष्ट मत आहे, छोट्या टू बीएचकेला बूस्टर लागतच नाही, राउटर टीव्हीमागच्या कपाटातून काढून बाहेर ठेवा.

माझी विनंती एवढीच की प्रत्येक मल्टीच्या ग्रुपवर हे ठरवून घ्यावं, २.४ वर १, ६, ११ शिवाय काही नको आणि रुंदी ४० नाही, २० मेगाहर्ट्झच. टीव्ही आणि कॉम्प्युटर जागचे हलत नाहीत, त्यांना सरळ लॅनची तार लावा. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर न्या, तिथे चॅनेल भरपूर आहेत आणि सिग्नल भिंतीत लवकर मरतो म्हणून शेजाऱ्याचा त्रासही कमी. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायला जमत नसेल तर मल्टीतल्या कॉलेजच्या पोरांना सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. आपण शहराच्या पानावर हे छापलंत तर प्लॅन वाढवायला निघालेले लोक आधी चॅनेल तरी बघतील.

आपला,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर