हिटलर हे आडनाव गेलं कुठे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या ठाण्याच्या पानावर एका सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणाची बातमी होती आणि हेडिंगमध्ये चेअरमनची 'हिटलरशाही' असं छापलेलं होतं. चेअरमन बरोबर की मेंबर बरोबर ते त्यांचं त्यांना लखलाभ, मला बोलायचंय ते त्या आडनावाबद्दल. आपण हा शब्द इतक्या सहज वापरतो की ते कोणाकोणाचं आडनाव होतं, रेशनकार्डावर, मुलांच्या दाखल्यावर लावायचं साधं आडनाव, हे डोक्यात पण येत नाही. शाळेतले पीटीचे सर हिटलर, सासू हिटलर, बँकेत आमचे एक मॅनेजर होते ते हिटलर. आमच्या घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये तर एका जर्मन शेफर्डचं नाव हिटलर आहे, मालक संध्याकाळी खालून जोरात हाक मारतात आणि कोणालाच काही वाटत नाही. आणि जिथे हे आडनाव जन्मलं तिथे आता ते लावणारं माणूस शोधून सापडणं मुश्किल. रिटायर झाल्यापासून वाचायला वेळच वेळ आहे म्हणून जरा खोलात गेले, तर हा सगळा प्रकार फारच इंटरेस्टिंग निघाला, म्हणून हे पत्र, लांबलं तर कापा.

आडनाव जर्मन भाषेतलं पण गाव ऑस्ट्रियातलं. व्हिएन्नाच्या वायव्येला वाल्डफिअर्टेल म्हणून भाग आहे, जंगलाचा, हलक्या जमिनीचा, छोट्या शेतकऱ्यांचा. तिथे हीडलर, ह्युटलर, हिटलर असं वेगवेगळं लिहिलं जाणारं हे एकच आडनाव. तेव्हा जन्ममृत्यूच्या नोंदी चर्चमध्ये व्हायच्या आणि पाद्रीच्या कानाला जसं ऐकू आलं तसं तो लिहायचा, तलाठ्याने सातबाऱ्यावर एका भावाला चौगुले करावं आणि दुसऱ्याला चौघुले तसंच. हिटलरच्या घराण्यात हेच झालंय, योहान गेओर्ग आणि योहान नेपोमुक हे सख्खे भाऊ, त्यातला एक हीडलर आणि दुसरा ह्युटलर. आडनाव कशावरून आलं त्याबद्दल अभ्यासकांची दोन मतं आहेत, एक म्हणजे झोपडीवरून, झोपडीत राहणारा अगदी थोड्या जमिनीचा माणूस, आणि दुसरं म्हणजे तिकडच्या बोलीत जमिनीखालून वाहणाऱ्या झऱ्याला जो शब्द आहे त्यावरून. दोन्हीपैकी काहीही धरा, आडनाव गरीब माणसाचं. जगाला धाक दाखवणारं त्यात काही नव्हतं.

आता पुढची गोष्ट तर सिरियलवाल्यांना पण सुचणार नाही. त्याच भागात श्ट्रोनेस नावाच्या खेड्यात मारिया आना शिक्लग्रूबर या बाईला १८३७ साली मुलगा झाला, आलोइस. लग्न झालेलं नव्हतं, रजिस्टरमध्ये बापाचा रकाना कोरा. पाच वर्षांनी तिने योहान गेओर्ग हीडलरशी लग्न केलं, गिरण्यांवर काम करत फिरणारा माणूस तो, पण मुलाला त्याचं आडनाव काही लागलं नाही आणि मुलगा वाढला काकाकडे, म्हणजे त्या नेपोमुककडे. पोरगं बूट शिवायचं काम शिकलं, मग सरकारी कस्टम्स खात्यात चिकटलं आणि शिक्षण बेताचं असून बऱ्यापैकी वर चढलं. जवळजवळ चाळिशीपर्यंत हा माणूस आलोइस शिक्लग्रूबर. आणि मग १८७६ च्या जूनमध्ये तीन साक्षीदार घेऊन नोटरीकडे जाऊन कागद केला की योहान गेओर्ग हाच खरा बाप. योहान गेओर्गला जाऊन तोपर्यंत १९ वर्षं झालेली, आई तर त्याच्याही आधी १८४७ मध्येच गेलेली, विचारणार कोणाला! ड्योलर्सहाइम गावच्या चर्चमधल्या जुन्या नोंदीत पाद्रीने तो कोरा रकाना भरला, साक्षीदारांच्या नावांपुढे फुल्या, आणि या सगळ्या कागदांत हीडलर नाही, ह्युटलर नाही, चक्क हिटलर असं लिहिलं गेलं. सरकारने पुढच्या वर्षी ते मान्य केलं. का बदललं यावर इतिहासकार अजून भांडतायत, काही म्हणतात नेपोमुकची इस्टेट मिळावी म्हणून. कारण काहीही असो, या आलोइसचा मुलगा ॲडॉल्फ जन्मला १८८९ साली, म्हणजे तो जन्मल्यापासून हिटलरच.

हे मुद्दाम लिहितेय कारण आमच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी तो फॉरवर्ड येतो की हिटलरचं खरं आडनाव शिक्लग्रूबर होतं आणि त्याने ते लपवलं. लपवायचा प्रश्नच नाही, त्याने ते कधी लावलंच नव्हतं, ते बापाचं होतं. दुसरा फॉरवर्ड की त्याचा आजोबाच ज्यू होता. ही गोष्ट पसरली हान्स फ्रांकमुळे, हा हिटलरचा वकील आणि पुढे पोलंडचा गव्हर्नर, न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात १९४६ मध्ये फाशी जायच्या आधी त्याने हे लिहून ठेवलं, पण इतिहासकारांनी शोध घेतला तेव्हा त्याला काही आधार सापडला नाही. बापाचा पत्ता नाही म्हटल्यावर लोक हवं ते भरतात त्या रकान्यात. गंमत म्हणजे हिटलरला स्वतःला हे आडनाव फार आवडायचं, तरुणपणीच्या एका मित्राने लिहिलंय की बापाने केलेल्या गोष्टींपैकी आडनाव बदललं ही एकच त्याला अगदी मनापासून पसंत होती, शिक्लग्रूबर त्याला फारच गावठी वाटायचं.

आणि ज्या गावांत हे सगळं झालं ती गावं आज नाहीत. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत ओढल्यावर जर्मन सैन्याने बरोब्बर तोच भाग रणगाडे-तोफांच्या सरावासाठी घेतला, चाळीसच्या वर वस्त्या रिकाम्या केल्या, सुमारे ७,००० माणसं घरंदारं सोडून गेली. श्ट्रोनेस त्यातच गेलं, ड्योलर्सहाइमच्या चर्चचे अवशेष तेवढे उभे आहेत. आज ती जागा आलेन्टश्टाइगचं ट्रेनिंग ग्राउंड म्हणून ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे आहे. काही लोक म्हणतात की हिटलरने आपली मुळं पुसायला हे मुद्दाम केलं, पण त्याला पुरावा नाही, सैन्याला मोठी जागा हवी होती एवढं पुरेसं आहे.

आडनाव विरळ कसं झालं ते पण बघा. सख्खी बहीण पाउला, ती तर भाऊ सत्तेत असतानाच १९३६ पासून वोल्फ आडनावाने राहायची, त्याच्याच सांगण्यावरून, आणि १९६० मध्ये वारली, मूलबाळ नाही. सावत्र भाऊ आलोइस, बापाच्याच नावाचा, त्याने युद्धानंतर हिलर असं करून घेतलं, एक अक्षर उडवलं की सुटला. त्याचा एक मुलगा हाइन्झ रशियनांच्या कैदेत मेला. दुसरा मुलगा विल्यम पॅट्रिक, आई आयरिश, जन्म १९११ चा लिव्हरपूलमधला, तो आधी काकाच्या नावावर काही मिळतंय का बघायला जर्मनीत गेला, जमलं नाही, मग अमेरिकेत जाऊन काकाविरुद्ध लेक्चरं दिली आणि १९४४ मध्ये चक्क अमेरिकेच्या नेव्हीत भरती झाला. युद्ध संपल्यावर त्याने स्टुअर्ट-ह्यूस्टन हे आडनाव घेतलं आणि न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला गुपचूप आयुष्य काढलं. आणि ज्यांचा या घराण्याशी दूरदूरचा संबंध नाही पण आडनाव तेच होतं त्यांनी पण १९४५ नंतर ते टाकून दिलं. बिचाऱ्यांनी काय केलं होतं? पण शाळेत हजेरी घेताना रोज ते नाव पुकारलं जाणार म्हटल्यावर कोण ठेवेल. हीडलर आणि ह्युटलर मात्र आजही ऑस्ट्रियात आहेत, त्यांना कोणी हटकत नाही, आणि पाद्रीने तेव्हा हीडलर लिहिलं असतं तर आज ती मंडळी अडकली असती.

जर्मनीत आडनाव बदलणं आपल्यासारखं सोपं नाही हेही सांगायला हवं. आपल्याकडे ऑनलाइन फॉर्म भरला, फी भरली, गॅझेटमध्ये नाव छापून आलं की काम झालं, आणि तरी पोटदुखे, आगलावे, दीडमिशे ही आडनावं लोक मजेत लावतात, लावावीत पण. तिकडे सबळ कारण दाखवावं लागतं, आडनावामुळे चेष्टा होते किंवा त्रास होतो हे सबळ कारण धरतात. आणि हा कायदा कधीचा आहे माहितीये का? ५ जानेवारी १९३८ चा, म्हणजे हिटलरच्याच राज्यातला, आणि बदल होत होत आजही तोच चालू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या कायद्याखाली हुकूम काढला की ज्यू लोकांनी आपल्या नावाला जोडून पुरुषांनी इस्रायल आणि बायकांनी सारा हे नाव १ जानेवारी १९३९ पासून लावायचं, म्हणजे पासपोर्टवर, सहीत, सगळीकडे माणूस लगेच ओळखू यावा. नावांची एक लिस्टच काढली होती, त्या लिस्टमधलं ज्यू नाव आधीच असेल तरच सूट. युद्धानंतर हा हुकूम रद्द झाला, मूळ कायदा राहिला. ज्याच्या सरकारने दुसऱ्यांच्या नावांवर शिक्का मारला त्याचंच आडनाव लोकांनी त्याच कायद्याखाली टाकलं, हे वाचून मी जरा थांबलेच.

आणि आपण? २००६ मध्ये आपल्या खारघरला एक रेस्टॉरंट उघडलं होतं हिटलरच्या नावाचं, बोर्डावर ते नाझी चिन्ह सुद्धा. इथल्या ज्यू लोकांनी विरोध केला, जगभर बातम्या झाल्या, थोड्याच दिवसांत नाव बदललं. २०१२ मध्ये अहमदाबादला कपड्याच्या दुकानाचं तसंच, तिथे मालकांनी सांगितलं होतं की पार्टनरचे आजोबा फार कडक होते म्हणून त्यांना सगळे हिटलर म्हणायचे, त्यांच्यावरून नाव ठेवलं. मला हे खोटं वाटत नाही, आमच्या मॅनेजरांचं उदाहरण वर दिलंच आहे. मेघालयात ॲडॉल्फ लू हिटलर मराक नावाचे आमदार होऊन गेले. नामिबियात, तो देश १९१५ पर्यंत जर्मनांची कॉलनी होता, २०२० च्या निवडणुकीत ॲडॉल्फ हिटलर उउनोना नावाचे एक गृहस्थ निवडून आले आणि त्यांनी सांगितलं की वडिलांना बहुतेक या नावाचा अर्थच माहीत नव्हता. म्हणजे आडनाव म्हणून ते घरच्यांनी टाकून दिलं आणि पहिलं नाव, टोपणनाव, दुकानाचं नाव म्हणून ते हजारो मैलांवर मजेत नांदतंय.

मला याचा राग येतो त्याचं कारण चरई. माझं लहानपण तिथलं, टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शार हशमायिम, १८७९ चं, ते आमच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यात. शेजारी बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू होते, घरात आमच्यासारखंच मराठी, बायका नऊवारीतल्या, मलिदा, म्हणजे त्यांचा प्रार्थनेचा विधी, असला की पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं घातलेलं ताट आमच्याकडे यायचं. लहानपणी आम्ही त्यांच्या समोर कोणाला तरी हिटलर म्हणून चिडवायचो, ते काही बोलायचे नाहीत. त्यांचे कोणी युरोपात नव्हते, हजार-दोन हजार वर्षं ते कोकणातच, शनिवार त्यांच्या धर्मात सुट्टीचा, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. पण त्यांच्या धर्माच्या माणसांचं तिकडे काय झालं ते त्यांना माहीत होतं.

तर माझी विनंती एवढीच की निदान तुमच्या हेडिंगांत तरी पार्किंगच्या भांडणाला हे आडनाव चिकटवू नका. मराठीत शब्द कमी आहेत का? मनमानी आहे, दंडेली आहे, मोगलाई आहे, झोटिंगशाही तर इतका झकास शब्द आहे आणि आजकाल कोणी वापरतच नाही, सोसायटीच्या चेअरमनला तो अगदी फिट बसतो. खऱ्या हुकूमशाहीबद्दल लिहिताना हिटलरचं नाव येणारच, त्याला माझी ना नाही.

आणि जागा असेल तर आडनावांवर एखादी पुरवणी काढा, पण आपल्याकडची. पेणकर, रोहेकर, किहीमकर, अष्टमकर, नवगावकर ही बेने इस्रायली आडनावं रायगडातल्या गावांवरून पडलेली, त्यातल्या बऱ्याच घरांनी १९४८ नंतर हळूहळू इस्रायलची वाट धरली. अलिबागजवळ नवगावला त्यांचं जुनं कब्रस्तान आहे, ज्या गावावरून आडनाव पडलं त्या गावात आता त्या आडनावाचं घर उरलंय का ते कोणी तरी बघून लिहायला हवं. ठाण्यात अजून सांगणारी म्हातारी माणसं आहेत, तुमचा वार्ताहर पाठवा, मी ओळख करून देईन.

आपली,
एक वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)